ऑनलाइन चष्मा मागवताय? नंबर, पीडी आणि लेन्सचं गणित आधी समजून घ्या

मोबाइल, कपडे, बूट सगळं ऑनलाइन मागवून झालं, आता चष्माही मागवावा असं तुमच्या डोक्यात असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. थोडा लांब आहे, पण ऑर्डरचं बटण दाबायच्या आधी एकदा वाचून काढा.

२०२१ च्या पावसाळ्यात मी तळेऱ्यात घरूनच काम करत होतो. मुंबई-गोवा महामार्गावर जिथून एक फाटा वैभववाडी-गगनबावड्यामार्गे कोल्हापूरला आणि दुसरा विजयदुर्गाकडे जातो, तेच आमचं तळेरे. चष्म्याची काडी तुटली आणि त्या धो-धो पावसात कणकवलीपर्यंत जायचा मला कंटाळा आला. दोन्ही डोळ्यांना -४.०० नंबर, जुन्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये होताच. एका साइटवर फ्रेम निवडली, नंबर भरला. 'पीडी' नावाचा एक रकाना होता, 'माहीत नसल्यास सोडून द्या' असं खाली लिहिलेलं, म्हणून सोडून दिला. आई म्हणाली, "डोळे काय भाजी आसत मोबायलवर मागवूक?" मी हसलो.

चष्मा सहा दिवसांत आला. दिसायला झकास, अक्षरंही स्पष्ट. पण संध्याकाळ झाली की कपाळ ठणकायचं. मला वाटलं कामाचा ताण असेल. पुढे एका रात्री नांदगावहून बाइकवर येताना समोरच्या ट्रकचे दोन दिवे मला क्षणभर चार दिसले, तेव्हा बाइक बाजूला घेतली आणि चष्मा काढून बराच वेळ तसाच उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी कणकवलीच्या चष्म्याच्या दुकानात मशीनवर तपासलं तर नंबर बरोबर होता. चुकली होती ती पीडी. माझी ५९ मि.मी., लेन्स बसवल्या होत्या ६४ वर.

हे असं का होतं ते समजायला फार गणित लागत नाही. पण सुरुवात नंबरच्या चिठ्ठीपासून करू.

चिठ्ठीवर काय लिहिलेलं असतं?

ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा. लॅटिन शब्दांची ही आद्याक्षरं आहेत, आणि ऑनलाइन फॉर्ममध्ये उजवा-डावा उलटा भरला जाण्याचं हेच मोठं कारण आहे. तुमचा उजवा, समोरच्याचा नव्हे.

एसपीएच म्हणजे मुख्य नंबर. मायनस असेल तर लांबचं अस्पष्ट, प्लस असेल तर मुख्यतः जवळचं. हा नंबर डायॉप्टरमध्ये असतो आणि त्याचा अर्थ अगदी साधा आहे: १ भागिले मीटरमधलं अंतर. -२.०० नंबर असेल तर चष्म्याशिवाय तुम्हाला अर्ध्या मीटरपर्यंत स्पष्ट दिसतं, -४.०० असेल तर पाव मीटरपर्यंत. मी चष्मा काढून फोन नाकाजवळ का धरतो हे आता तुम्हाला कळलं असेल.

सीवायएल आणि ॲक्सिस ही जोडी आहे. बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा क्रिकेटच्या चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल नसेल, थोडा रग्बीच्या चेंडूसारखा असेल तर एका दिशेला वेगळा नंबर लागतो. तो किती, हे सीवायएल सांगतं आणि कोणत्या कोनात, ते ॲक्सिस. ॲक्सिस १ ते १८० मध्येच असतो. सीवायएल भरून ॲक्सिस रिकामा ठेवला तर ती माहिती काहीच कामाची नाही.

इथे एक गंमत आहे. काही डॉक्टर सीवायएल प्लसमध्ये लिहितात, काही मायनसमध्ये. -२.०० / +१.०० × ९० आणि -१.०० / -१.०० × १८० हे दोन्ही नंबर एकच आहेत. एसपीएचमध्ये सीवायएल मिळवा, सीवायएलचं चिन्ह उलटं करा, ॲक्सिस ९० ने फिरवा. म्हणून जुनी आणि नवी चिठ्ठी वेगळी दिसली तर 'नंबर बदलला' म्हणून घाबरण्याआधी हा हिशेब करून बघा. फॉर्ममध्ये मात्र चिठ्ठीवर आहे तसंच, चिन्हासकट भरा. + च्या जागी - पडलं तर संपलं.

ॲड हा चाळिशीनंतरचा जवळचा नंबर. तुमच्या चिठ्ठीवर बहुतेक नसेल, आईबाबांच्या असेल. त्यावर पुढे येतो.

अजून एक. मशीनमध्ये हनुवटी टेकवल्यावर जी छोटी छापील पट्टी बाहेर येते ती म्हणजे चिठ्ठी नव्हे. तो मशीनचा अंदाज असतो. त्यानंतर "हे स्पष्ट की ते?" असं विचारत काच बदलून जो नंबर ठरतो, तो खरा. पट्टीचा फोटो अपलोड करून चष्मा मागवणारे मी पाहिले आहेत. आणि चिठ्ठी वर्षापेक्षा जुनी असेल तर आधी डोळे तपासून घ्या. सरकारी उपजिल्हा रुग्णालयात नेत्र विभाग असेल तर नंबर तिथेही काढून मिळतो, त्यासाठी मोठ्या खासगी दवाखान्यातच जायला हवं असं नाही. घरात कुणाला मधुमेह असेल आणि साखर वरखाली होत असेल तर नंबरही तात्पुरता हलतो, अशा वेळी साखर स्थिर झाल्यावरच नंबर काढावा.

पीडी: सगळ्यात दुर्लक्षित रकाना

पीडी म्हणजे दोन्ही बाहुल्यांच्या मध्यांमधलं अंतर. मोठ्या माणसांत सरासरी ६३ मि.मी.च्या आसपास, पण ५४ पासून ७४ पर्यंत असू शकतं. लेन्सचा एक नेमका मध्य असतो आणि तो बाहुलीसमोर यायला हवा. तो सरकला तर लेन्स प्रिझमसारखी वागते, प्रतिमा बाजूला सरकते. किती? सेंटिमीटरमधला सरक गुणिले नंबर. माझ्या बाबतीत ०.५ गुणिले ४, म्हणजे दोन प्रिझम. मायनस लेन्सचे मध्य गरजेपेक्षा लांब बसवले की दोन्ही डोळ्यांना एकमेकांपासून बाहेर वळावं लागतं. डोळे आत सहज वळतात, जवळचं वाचताना रोजच वळतात. बाहेर वळायची ताकद त्यांच्यात फारच कमी. दिवसभर स्नायू कसंबसं निभावून नेतात, दमल्यावर सोडून देतात, आणि मग ट्रकचे दिवे चार होतात.

याच सूत्रातून हेही दिसतं की -१.०० वाल्याला तीच ५ मि.मी.ची चूक फक्त अर्धा प्रिझम देते, त्याला बहुधा काही कळणारही नाही. म्हणून "मी तर पीडी न भरताच मागवला, काही झालं नाही" असं मित्र सांगत असेल तर आधी त्याचा नंबर विचारा.

नंबर काढताना तिथेच "पीडी पण लिहून द्या" म्हणा. सगळ्यात उत्तम मार्ग हाच. चिठ्ठीवर छापलेला रकाना बहुतेक वेळा रिकामाच सोडलेला असतो.

आता ॲपने पीडी मोजण्याबद्दल, कारण हा माझ्या धंद्याचा भाग आहे. बरीच ॲप्स कपाळावर एटीएम कार्ड धरून सेल्फी काढायला सांगतात. कारण कुठल्याही बँकेचं कार्ड ८५.६ मि.मी. रुंदच असतं. फोटोत कार्ड किती पिक्सेल आणि बाहुल्यांमधलं अंतर किती पिक्सेल, यावरून मि.मी. काढायचे. कल्पना चांगली आहे, पण दोन ठिकाणी घसरते. कपाळावरचं कार्ड बाहुल्यांपेक्षा साधारण दीड सेंटिमीटर पुढे, म्हणजे कॅमेऱ्याच्या जवळ असतं. फोन ३० सें.मी.वर धरला तर तेवढ्यानेच सुमारे ५ टक्के, म्हणजे तीनेक मि.मी.ची चूक. वर इतक्या जवळच्या फोनकडे बघताना डोळे आत वळतात, त्याचे आणखी दोनेक मि.मी. दोन्ही चुका एकाच दिशेने, पीडी कमी दाखवणाऱ्या. चांगली ॲप्स हे हिशेबात धरून दुरुस्ती करतात, साध्या ॲपला ते जमत नाही. आणि हो, फोटोत कार्डाचा नंबर दिसू देऊ नका, मागची बाजूही नको, तिथे सीव्हीव्ही असतो. कॉलेजचं किंवा लायब्ररीचं त्याच मापाचं जुनं कार्ड वापरा.

त्यापेक्षा आरसा बरा. आरशापासून वीतभर अंतरावर उभे राहा. मि.मी.ची पट्टी भुवईवर आडवी धरा. उजवा डोळा मिटा आणि डाव्या डोळ्याने आरशातल्या डाव्याच बाहुलीच्या मध्यावर शून्य आणा. पट्टी न हलवता डावा मिटा, उजवा उघडा आणि उजव्या बाहुलीच्या मध्यावरचा आकडा वाचा. प्रत्येक डोळा स्वतःच्याच प्रतिबिंबाकडे बघतो म्हणजे नाकासमोर सरळ बघतो, त्यामुळे आत वळण्याची चूक इथे होत नाही. चार-पाच वेळा मोजून सरासरी घ्या. आकडे एकमेकांपासून दोन मि.मी.पेक्षा जास्त लांब येत असतील तर हात हलतोय, कुणाची तरी मदत घ्या.

फ्रेमच्या काडीवरचे आकडे आणि लेन्सची जाडी

तुमच्या सध्याच्या चष्म्याच्या काडीच्या आत ५२-१८-१४० असं काहीतरी लिहिलेलं असेल. लेन्सची रुंदी ५२, नाकावरच्या पुलाची १८, काडीची लांबी १४०, सगळं मि.मी.मध्ये. हे आकडे टिपून ठेवा आणि नवी फ्रेम दोन-तीन मि.मी.च्या फरकात निवडा. सेल्फीवर फ्रेम चढवून दाखवणारं फीचर रंग आणि आकार बघायला ठीक आहे, मापासाठी त्यावर फार विसंबू नका.

हेच आकडे लेन्सच्या जाडीशी जोडलेले आहेत, आणि पैसे वाचतात ते इथे. साइट तुम्हाला विचारते: १.५०, १.५९, १.६०, १.६७ की १.७४? हा मटेरियलचा अपवर्तनांक, दहावीच्या विज्ञानातलाच. आकडा जास्त तर लेन्स प्रकाश जास्त वळवते, म्हणून तेवढ्याच नंबरला कमी जाडीची चालते. किंमत मात्र प्रत्येक पायरीला वाढते.

मायनस लेन्सची कड मध्यापेक्षा किती जाड होईल याचा ढोबळ हिशेब असा: मध्यापासून बाहेरच्या कडेपर्यंतच्या अंतराचा वर्ग गुणिले नंबर, भागिले अपवर्तनांकातून १ वजा करून त्याची दुप्पट. माझा -४.००, पीडी ५९ आणि ५२-१८ ची फ्रेम घेतली तर १.५० मध्ये कड जवळजवळ ४ मि.मी.ने जाड, १.६० मध्ये ३.३, १.६७ मध्ये ३.० आणि १.७४ मध्ये २.७. म्हणजे सर्वात महागड्या लेन्सने १.६० च्या तुलनेत अर्ध्या मि.मी.पेक्षा थोडंच जास्त वाचवलं.

आता लेन्स तीच १.६० ठेवा आणि फ्रेम लहान घ्या, ४७-१९ ची. जाडी २.४ वर येते. मोठ्या फ्रेममधल्या १.७४ पेक्षाही कमी! कारण अंतराचा वर्ग होतो. मोठ्या गोल फ्रेमची फॅशन आहे हे मान्य, पण नंबर ४ च्या वर असेल तर लहान फ्रेम हा सगळ्यात स्वस्त 'थिन लेन्स' पर्याय आहे, आणि तो कुठलीही साइट तुम्हाला सुचवत नाही.

माझं मत सांगतो. नंबर २ पर्यंत असेल तर १.५० पुरे. २ ते ४ ला १.५० किंवा १.६०, फ्रेम बघून. ४ ते ६ ला १.६० किंवा १.६७. १.७४ चा विचार ७-८ च्या पुढे.

पातळ म्हणजे चांगली, असंही सरसकट नाही. प्रत्येक मटेरियलचा ॲबे नावाचा एक आकडा असतो. तो कमी असेल तर लेन्सच्या कडेने बघताना पांढऱ्या अक्षरांना निळी-केशरी किनार दिसते. साध्या १.५० प्लास्टिकचा ॲबे ५८ च्या आसपास, १.६० चा ४० च्या वर, १.६७ आणि १.७४ चा ३२-३३, पॉलिकार्बोनेटचा ३०. कोड लिहिणाऱ्याला काळ्या स्क्रीनवर ही किनार फार जाणवते. ते १.५० वालं प्लास्टिक म्हणजे सीआर-३९, १९४० च्या दशकातलं, आणि नजरेच्या स्पष्टतेत आजही त्याचा हात धरणारं कमीच.

१.५९ म्हणजे पॉलिकार्बोनेट. हे सहजासहजी फुटत नाही. लहान मुलं, क्रिकेट, बाइक, वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये काम करणारे, यांनी किनारीची पर्वा न करता हेच घ्यावं. ते बरंच मऊ असतं, ओरखडे पटकन पडतात, म्हणून वर हार्ड कोटिंग हवंच. नेलपॉलिश रिमूव्हरपासून लांब ठेवा.

कोटिंग: कुठे पैसे घालायचे, कुठे नाही

अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग घ्या. साध्या १.५० लेन्सच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो, १.६७ मध्ये १२ टक्क्यांच्या आसपास. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांभोवती जे भुताटकीचे गोळे दिसतात त्यात याचा वाटा मोठा. पातळ लेन्स घेऊन हे कोटिंग वाचवणं म्हणजे उलटा कारभार. त्यावर पाणी न धरणारा थर असेल तर कोकणातल्या पावसात त्याचा उपयोग आहे, थेंब घरंगळून जातात. वाफ धरण्याचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, एसीतून बाहेर आलात की चष्मा धूसर होणारच.

ब्लू कट. इथे थोडं थांबू. २०२३ मध्ये कोक्रेन या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासून सांगितलं की निळा प्रकाश गाळणाऱ्या लेन्सने स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा, साध्या लेन्सच्या तुलनेत, निदान थोड्या काळासाठी तरी कमी होत असल्याचं दिसत नाही. ब्रिटनमध्ये तर २०१७ साली एका मोठ्या चष्मा कंपनीला अशा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ४० हजार पौंडांचा दंड झाला. बॉक्समध्ये छोटा टॉर्च आणि कार्ड येतं, लेन्स मध्ये धरली की कार्डावर ठिपका उमटत नाही, आठवतंय? तो टॉर्च साधारण ४०५ नॅनोमीटरचा, म्हणजे जांभळ्या प्रकाशाचा असतो. फोनच्या स्क्रीनचा निळा ४५० च्या आसपास. टॉर्च अडला याचा अर्थ स्क्रीनचा निळा अडला असा होत नाही. स्क्रीनपुढे डोळे थकतात कारण आपण पापण्या कमी मिटतो आणि तासन् तास जवळच बघतो. फुकट मिळत असेल तर ब्लू कट घ्या, नुकसान नाही. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

रात्री गाडी चालवायला पिवळे चष्मे विकतात, त्यांचंही तेच. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पिवळ्या लेन्सने रात्री रस्त्यावरचा माणूस लवकर दिसायला मदत झाली नाही. महामार्गावर अंधारात चालणारी माणसं रोज दिसतात, तिथे प्रकाश आणखी कमी करणारी काच कशाला?

फोटोक्रोमिक म्हणजे उन्हात काळी होणारी लेन्स. ती अतिनील किरणांनी काळी होते, आणि कारची पुढची काच ते बरेचसे अडवते. त्यामुळे गाडी चालवताना ती फारशी काळी होतच नाही. उष्णतेतही ती कमी काळी होते. मे महिन्याच्या भर दुपारी, जेव्हा खरी गरज, तेव्हा ती डिसेंबरपेक्षा फिकी. पायी किंवा बाइकवर फिरणाऱ्याला ठीक, हेल्मेटची काच वर असेल तर.

कुणी ऑनलाइन मागवू नये

आईबाबांचा प्रोग्रेसिव्ह चष्मा. त्यात वर लांबचा, खाली जवळचा नंबर असतो आणि फ्रेम प्रत्यक्ष नाकावर बसल्यावर बाहुली किती उंचीवर येते ते मोजावंच लागतं. तीन मि.मी. चुकलं तरी जिना उतरताना पायरी चुकेल. लहान मुलांचा पहिला चष्मा, ६ च्या वरचा नंबर, २ च्या वरचं सीवायएल, चिठ्ठीत प्रिझम लिहिलेलं असेल तर, हे सगळं दुकानात समोर बसून करा. दुकानदार दोनशे-चारशे रुपये जास्त घेईल, पण पुढे काडी वाकवून द्यायला आणि स्क्रू घट्ट करायलाही तोच आहे.

पैशांचा विषय निघालाच आहे तर, २२ सप्टेंबर २०२५ पासून नजरेचे चष्मे, त्यांच्या लेन्स आणि फ्रेम यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. बिल बघा.

चष्मा हातात आल्यावर

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. मग चष्मा हातभर लांब धरून दाराच्या चौकटीची उभी रेघ त्यातून बघा. चष्मा आडवा हलवल्यावर रेघ चष्म्याच्याच दिशेने सरकली तर मायनस, उलट दिशेने सरकली तर प्लस. चष्मा घड्याळाच्या काट्यासारखा थोडा फिरवल्यावर रेघ तिरकी झाली तर त्यात सीवायएल आहे. चिठ्ठीत सीवायएल नसताना रेघ तिरकी होत असेल तर काहीतरी गडबड आहे.

यानंतर पहिल्याच आठवड्यात कुठल्याही चष्म्याच्या दुकानात लेन्सोमीटरवर नंबर आणि मध्यांमधलं अंतर तपासून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. दुसरीकडून आणलेला चष्मा म्हणून दुकानदार थोडी कुरकुर करेल, ती ऐकून घ्यायची. नेहमीच्या नंबरांना ०.१२ पर्यंतचा फरक चालतो. ०.२५ चा फरक किंवा पीडीत तीन-चार मि.मी.चा फरक असेल तर परत पाठवा. नवीन चष्म्याची सवय व्हायला तीन-चार दिवस लागतात हे खरं. आठवडा उलटूनही डोकं दुखत असेल, जमीन तिरकी वाटत असेल किंवा एकाचे दोन दिसत असतील तर "सवय होईल" या कस्टमर केअरच्या उत्तरावर थांबू नका. आणि तोवर तो चष्मा घालून गाडी चालवू नका.

तक्रार चॅटवर न करता ईमेलवर करा, लेन्सोमीटरच्या आकड्यांचा फोटो जोडा. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. नाहीच दाद लागली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, मी परतीची मुदत उलटून गेल्यावर जागा झालो. तो चष्मा अजून घरी आहे. फ्रेम चांगली होती, म्हणून नंतर कणकवलीत त्याच फ्रेममध्ये ५९ पीडीच्या लेन्स बसवून घेतल्या, आणि हा लेख मी तोच घालून लिहिला.